मालिकेतला सासरा मी मारला

"ओ अक्का, तू सांगे का सासरा मरी गया! मंग हाऊ कोन शे? श्रीखंड खाई ऱ्हायना, हाऊ कोन शे?"

शेजारीण ओट्याखाली उभी राहून अशी ओरडत होती की तिकडे एरंडोलच्या स्टँडवर गाड्या थांबल्या असतील. हातात मोबाइल. धुळ्याहून आलेल्या तिच्या सुनेने दुपारच्या मालिकेचे मागचे सगळे भाग चॅनलच्याच अ‍ॅपवर लावून दिले होते, आणि त्यात मेलेला सासरा दुसरी वाटी मागत होता. मागे निंदणीवरून परतलेल्या आठ-दहा बायका, विळे अजून हातातच.

माझी थोरली बहीण, अक्का, काळा चष्मा लावून ओट्यावर बसली होती. शेजारी मी, तिला भेटायला जळगावहून आलेलो, चहाच्या बशीत तोंड घालून. सासऱ्याला मीच मारलं होतं.

मालिका दुपारी दीडला लागते. तेव्हा गावातल्या बायका कपाशीत. म्हणून अक्काने ती घरी बघायची आणि संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांना सांगायची, ही कित्येक वर्षांची वहिवाट. भाग वीस मिनिटांचा, अक्काचा तासभर चाले. तिने 'मंग' म्हणून श्वास घेतला की गावातल्या म्हशीसुद्धा रवंथ थांबवत.

मग तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि घरच्यांनी महिनाभर टीव्ही बंद केला. मी जळगावात, रिटायर झालेला, हातात मोबाइल. "भाऊ, तू पाहत जाय आन् चार वाजता माले फोनवर सांग," ती म्हणाली. बायकांना मात्र माझं नाव सांगितलं नाही. डोळे मिटून टीव्ही ऐकते, असं सांगत राहिली. सांगणारी तीच राहायला हवी होती.

दोन दिवस मी इमानाने पाहिलं, कुठल्यातरी चोरट्या साइटवर. तिथे सुनेचं अर्धंच तोंड दिसे आणि उरलेल्या अर्ध्यावर रमीची जाहिरात. चॅनलच्या अ‍ॅपला फार पैसे पडतात, असं अक्काला ठोकून दिलं. उघडूनही पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी जेवून आडवा झालो तो चारला फोन वाजला तेव्हाच उठलो. जांभई आवरत मी सासऱ्याला जिन्यावरून पाडलं. दुसऱ्या दिवशी तो वारला. पुढच्या आठवड्यात त्याची दुसरी बायको पिंपळनेरहून दोन उंट घेऊन दारात उभी केली. अक्का फोनवर हुंदके देई, आणि मला आणखी चेव चढे.

"आम्ही बठ्ठ्या रडनूत!" शेजारीण थांबेना. "तू ऑपरेशनना डोयानी शपथ लिधी व्हती!"

"उंट बी खोटा का व?" मागून कोणीतरी विचारलं, आणि बायका फिसकन हसल्या.

जळगावहून निघालो की नशिराबाद येईपर्यंत अख्खी एसटी हसवणारा मी. 'हे माझं काम' एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी बशी तिरकी करून तळाशी नसलेला चहा प्यायलो.

अक्काने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माले चुकीचं ऐकाई गयं," ती बायकांना म्हणाली. "म्हातारी व्हयनू."

आठवड्याने पुन्हा गेलो. टीव्हीची बंदी उठली होती. संध्याकाळ झाली तरी ओटा रिकामा. बायका शेजारणीकडे मोबाइलभोवती बसलेल्या, त्यांचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. मी अक्काच्या मोबाइलवर ते अ‍ॅप घेतलं. नंबर टाकला, ओटीपी आला, झालं. मधे जाहिराती होत्या, पण सगळे भाग फुकट. दोन मिनिटांचं काम.

"अक्का," मी म्हणालो, "मी दुपारी झोपायचो गं. ते सगळं मनाचंच सांगितलं. त्या दिवशी बायकांसमोर बोलायला हवं होतं."

तिने पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"तू खरा सांगेल व्हता, तो शेवटला भाग कोणता? त्याना पुढला लाव."