दिवे घाट, तापलेलं इंजिन आणि सासवडची आत्या

आत्या मुलाकडे बंगळुरूला कायमची राहायला चालली होती. संध्याकाळी निघणार हे कळल्यावर बाबा म्हणाले, "आपण जाऊन येऊ. आपल्याच गाडीनं." गाडी बाबांची, बरीच जुनी. हाताला कंप सुटल्यापासून ते चालवत नाहीत, मी चालवते आणि ते शेजारी बसून सूचना देतात.

सकाळी सहकारनगरहून निघालो. सासवड तसं जवळ, पण स्वारगेट आणि हडपसर ओलांडण्यातच निम्मा जीव जातो. जाणार असाल तर लवकर निघा आणि नाश्ता घरीच करा. दिवे घाट मात्र सुरेख होता. मस्तानी तलाव खाली दिसू लागला आणि बाबांनी माझ्याआधी इंजिनच्या तापमानाचा चढलेला काटा पाहिला.

"एसी बंद कर. हीटर पूर्ण सोड, इंजिनची उष्णता थोडी आत येऊ दे, आणि जागा दिसली की थांब."

एका रसवंतीजवळ थांबलो. बॉनेटखालून वाफ येत होती, जमिनीवर कूलंटचे हिरवे थेंब पडत होते. रसवंतीच्या बाई धावत आल्या.

"ताई, झाकण उघडू नका लगेच! माझ्या दिराचा हात भाजलाय आसा. पाणी हाय भरपूर, गार होऊ द्या आधी."

रस पीत बसलो. बाबा सारखे रस्त्याकडे बघत होते.

"दुसरी गाडी बोलवू का?" मी विचारलं.

"आधी गळतंय कुठून ते बघू."

रेडिएटर हाताला सोसेल इतका निवल्यावर झाकण हळूच उघडलं, पाणी भरलं. सगळं कोरडं पुसून बाबांनी मला वर्तमानपत्राचे तुकडे पाइपांच्या जोडांखाली खोचायला लावले, पंख्यापासून लांब. इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं. खालचे कागद कोरडे होते. वरचा रबरी पाइप रेडिएटरला जोडतो तिथला कागद भिजला होता. पाइपाचं टोक कडक होऊन चिरलं होतं.

"चिरलेलं टोक कापायचं आणि उरलेला पाइप परत बसवायचा. लांबी पुरेल," असं म्हणत बाबांनी स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेतला. तो पाइप आवळणाऱ्या पट्टीच्या स्क्रूवरून घसरला, पुन्हा घसरला आणि मग खाली पडला. ते त्याच्याकडे बघत राहिले. मी उचलला.

"बाबा, कुठल्या बाजूला फिरवू?"

"डावीकडे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तुला माहीत आहे ते."

"तरी सांगा."

मग त्यांनी सगळंच सांगितलं. किती कापायचं, पाइप कुठपर्यंत सरकवायचा, पट्टी कुठे आवळणं थांबवायचं. मी फक्त हात चालवले. पुन्हा पाणी भरून इंजिन चालवलं, कागद कोरडा राहिला. बाईंनी वाटेसाठी पाण्याचा कॅन भरून दिला. "परत येताना द्या," म्हणाल्या. हीटर चालू ठेवून, घामाघूम होत सासवड गाठलं.

आत्या सामान बांधून दारातच बसली होती. "या. मला वाटलं आता बंगळुरूलाच भेटायला येताय." मग तिनं बाबांचा थरथरणारा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि जेवायला वाढेपर्यंत सोडला नाही. तिला न्यायला आलेली गाडी निघाल्यावर बाबा बराच वेळ घराच्या फाटकापाशी उभे होते.

परतताना कॅन दिला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दाब देऊन तपासलं, तेव्हा रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीलाही बारीक चीर सापडली. रेडिएटर बदलला, पाइप नवे घातले. जुनी गाडी घाटात नेणार असाल तर ही तपासणी निघण्याआधीच करून घ्या, आमच्यासारखी नंतर नको.

पण मनात राहिलं ते परतीच्या वाटेवरचं हडपसर. तिथल्या कोंडीत काट्याबद्दल काहीच सूचना येईना, म्हणून बाजूला पाहिलं. दुसरं कोणी चालवत असताना बाबा कधी डोळा मिटत नसत. ते गाढ झोपले होते.

घरासमोर थांबल्यावरही मी इंजिन बंद केलं नाही. थोडा वेळ तशीच बसून राहिले.