दारातले सहा जोड

मी सहा मेलेल्या माणसांना भाडेकरू ठरवलं आणि त्यांच्यापायी एका घराची घरपट्टी तिप्पट केली. पालिकेच्या कर खात्यात मी घोळ बरेच घातले, पण एवढा मोठा एकच.

जकात बंद झाल्यापासून पालिकेचं येणं कमी आणि जाणं जास्त, हे दरसालचंच दुखणं होऊन बसलं होतं. पाण्याच्या मोटारींचं वीजबिल थकलेलं, आमचे पगार लांबलेले. अंदाजपत्रकात मात्र सगळं जुळायचं, कारण कधीच न येणारी थकबाकी आम्ही दरवर्षी जमेला धरायचो. त्या यादीत भूकंपात पडलेली घरंही होती. जागेवर दगड नाही, वहीत घर उभं.

घरपट्टीचा दर वाढवायला नगरसेवक तयार नव्हते, निवडणूक तोंडावर होती. तेव्हा आमच्या साहेबांनी वाट काढली. दर तोच ठेवायचा, घराचा वापर बदलायचा. शहरात क्लासेसचं पीक आलेलं. जळकोट, कंधार, उमरीकडून पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरत होती आणि एकेका खोलीत चार-चार कॉट पडत होते. नोंद राहत्या घराची, आत वसतिगृह. अशी घरं शोधून व्यापारी दर लावायचा.

शोधणार कसं? "पाव्हण्याची पोरं हायत" म्हणून मालक दारातूनच वाटेला लावायचे. मग माझ्या सुपीक डोक्यातून निघालं: चपला मोजायच्या. दुपारी एकला मेसचा डबा येतो, पोरं घरात असतात. दारात पाचाहून जास्त जोड दिसले की वहीत 'वसतिगृह'. दार वाजवायला नको, हुज्जत नको. साहेब खूश झाले. आठवडाभरात गल्लोगल्ली बातमी पसरली आणि पोरं चपला पिशवीत घालून आत नेऊ लागली. मी वळणावर दिसलो की एखादी म्हातारी ओट्यावरून सांगायची, "उचला रे, चपलामोज्या आला."

एका बोळाच्या टोकाला मात्र एक घर होतं, तिथं कोणी काही उचलत नव्हतं. दार लोटलेलं, उजव्या हाताला सहा जोड ओळीनं लावलेले, पुसून लख्ख. जाड वहाणा, बायकी चपलांचे दोन जोड, रबरी स्लीपर, बूट, आणि लाल बक्कलचे इवलेसे सँडल. ते बघून तरी मला शंका यायला हवी होती. मी लिहिलं, 'मालकाचं लेकरू असावं.' सगळं शहर लपवत असताना हे घर उघड्यावर ठेवतंय, म्हणून समासात 'प्रामाणिक' असा शेराही मारला. खात्री करायला महिन्यात चारदा गेलो. चारही वेळा सहाच्या सहा जोड, तिथंच, तसेच. मला वाटलं, काय अभ्यासू पोरं आहेत, बाहेरच पडत नाहीत.

नोटीस गेली. हरकतींच्या सुनावणीला जिल्हा परिषद शाळेच्या एक बाई आल्या, पन्नाशीच्या. त्यांनी नोटीस टेबलावर सरळ करून ठेवली.

"कोण पोरं राहतात माझ्याकडं? नावं सांगा."

मी वही उघडून ऐटीत वाचलं. सहा जोड, चार तारखांना.

बाईंनी माझी वही स्वतःकडं वळवून त्या चार तारखा वाचल्या. मग वर्गात धडा सांगावा तशा बोलल्या. "सासू-सासरे, आमचे हे, दीर, जाऊ आणि तिचा लेक. मी शाळेच्या कामानं इथं होते. भूकंपात गावाकडचं घर पहाटे बसलं, सगळे झोपेत. आतलं काही हाती आलं न्हाई. चपला दाराबाहेर होत्या, तेवढ्या धड निघाल्या."

साहेबांनी घाईनं एक छापील नमुना पुढं सरकवला. 'माझ्याशिवाय या घरात कोणीही राहत नाही.' खाली सही केली की जुना दर. बाईंनी पेपर तपासावा तसा तो वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"हे मी लिहिणार न्हाई."

"मग व्यापारी दर लागेल, बाई."

"लागू द्या." आणि त्या गेल्या.

एवढा कर त्यांच्या एकटीच्या पगारात बसणारा नव्हता. भरायचा तर खरंच पोरं ठेवावी लागणार, आणि पोरांच्या चपलांना जागा करायची तर ती ओळ हलणार. हे माझ्या वहीनं घडवलं होतं.

त्यानंतर मला दुपार नकोशी झाली. कुणाच्याही दारात चपला दिसल्या की वाटायचं, हे आत असतील ना? घरी आलो की आमचे चार जोड बघून बाहेरूनच हाका मारायचो. सगळ्यांची ओ आल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हतो. बायको म्हणाली, "डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

शेवटी छापील ओळ खोडून मी हातानं लिहिलं, 'या घरात भाडं देणारं कोणी राहत नाही.' साहेब म्हणाले, नमुना बदलता येत नाही. मग पाहणी न करता नोंद केली, चूक सर्वस्वी माझी, असं मी लिहून दिलं. दोष माझ्या अंगावर आला तशी नमुन्याची अडचण संपली.

कागद घेऊन रविवारी दुपारी एकला मीच गेलो. त्या घराचं दार पहिल्यांदाच वाजवलं. बाईंनी दोनदा वाचून सही केली, चहा दिला. माझी जीभ गप्प बसते कुठली. म्हणालो, "बाई, चपला आत ठेवल्या असत्या तर हा घोळ झाला नसता."

"घाईनं बाहेर पडायचं म्हटलं तर हाताशी लागतात, साहेब," त्या म्हणाल्या.

मी कप ठेवून उठलो. दारात आलो आणि थबकलो. येताना सवयीनं मी माझी चप्पल त्याच ओळीच्या टोकाला काढली होती, लाल बक्कलच्या सँडलशेजारी.

मागून बाई म्हणाल्या, "तुमचा जोड उचला तिथून. न्हाईतर तुमच्यासारखाच एखादा शहाणा येऊन सात मोजून जाईल."