सुई चालू असताना बोलायचं नाही

वहिनी, तू पहिल्यापासून घाबरट, हे एकदा लिहूनच टाकते. झुरळाला घाबरतेस, लिफ्टला घाबरतेस. फक्त सुईला नाही. आणि घात तिथेच झाला.

वहिनीचं शिलाईचं दुकान. ओठांत टाचण्या धरून कापड बेतायची सवय, त्यामुळे तिथे एकच नियम : सुई चालू असताना बोलायचं नाही. गिऱ्हाइकानेसुद्धा. फुफ्फुसात गाठ दिसली तेव्हा डॉक्टर म्हणाले, बरगड्यांमधून सुई घालून तुकडा काढू, तपासू. "घाला की," ती म्हणाली, "सुईचं मला काय सांगता!"

स्कॅनच्या थंडगार खोलीत ती पालथी पडली. सुई आत गेली. खोकल्याची उबळ आली आणि पाठोपाठ उजवा हात जड झाला. आधी मुंग्या, मग मुंग्याही नाहीत. हात जणू दुसऱ्याच कुणाचा. ओरडावंसं वाटलं. पण सुई चालू होती. बोललं तर टाका चुकेल! शहाणी ओठ घट्ट मिटून पडून राहिली.

सुई निघाल्यावर बोलायला गेली, तर जीभ लुळी. ती उठायला धडपडली.

"उठू नका! आडव्याच राहा!" डॉक्टरच पांढरेफटक पडले. "बाई, हात केव्हापासून असा? बोलला का नाहीत?"

पुन्हा स्कॅन. सुईच्या वाटेने हवा रक्तात शिरून बुडबुडे मेंदूत पोचले होते. फार क्वचित होतं म्हणे. ते क्वचित नेमकं आमच्याच घरी! तोंडावर मास्क, निव्वळ ऑक्सिजन, आणि तसंच आडवं ठेवून दुसऱ्या इस्पितळात. तिथे लोखंडी पिंपासारखी खोली. आत दाब वाढवून ऑक्सिजन देतात, मग बुडबुडे विरतात. लिफ्टला घाबरणारी बाई त्या पिंपात!

दार लागण्याआधी तिने डाव्या हाताने नणंदेची, म्हणजे माझीच, बाही पकडली. "कात्री... धारेला दिलीय. आण."

"जिवावर बेतलंय आणि कात्री कसली गं?"

"हात... आला तर लागेल."

वाचा परतली. गाठ साधी निघाली. बोटं आली, पण अर्धीमुर्धी. चमचा अजून हिंदकळतो.

धारवाल्याचं दुकान माझ्या रस्त्यावरच आहे. तुझ्या निळ्या फडक्यातली कात्री काचेतून दिसते. वहिनी, तू विचारत नाहीस, मी आत जात नाही. आणली, आणि तुझ्या बोटांनी ती धरलीच नाही, तर?