चारही प्रतींतून खरवडलेलं पद

आजही कुणी "बारीकशी तर गोष्ट, सोडून दे" म्हणालं की माझं डोकं फिरतं.

सत्तरच्या दशकात, कोल्हापुरात, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी एका प्रबंधावर मान मोडून काम केलं. ऊर्जेच्या टेकाडाच्या अगदी माथ्यावर इलेक्ट्रॉन ठेवला तर वेळ जाईल तसं त्याचं काय होतं, एवढाच प्रश्न. दोन्ही उतार हुबेहूब सारखे असले तर तो कुठलीच बाजू धरत नाही. डावीकडे जेवढी शक्यता तेवढीच उजवीकडे, कायमची. पण समीकरणात चिमूटभर एक पद घाला, जमीन जराशी एका अंगाला कलवणारं, की तेच वाढत वाढत सगळा तोल घालवतं. माझा अख्खा प्रबंध त्या पदावर उभा होता. हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर आकडे काढून माझा दंड भरून यायचा.

टायपिस्ट समीकरणांच्या जागा कोऱ्या सोडायचा. त्या मी शाईने भरल्या आणि चारही प्रती माझ्या मार्गदर्शक सरांकडे सहीला दिल्या. सरांना जन्मभराची सवय, लहान पद दिसलं की नगण्य धरून सोडून द्यायचं. भल्या माणसाने मला एका शब्दाने न विचारता ते पद चारही प्रतींतून ब्लेडने खरवडलं आणि सही ठोकली.

मला कळलं ते थेट तोंडी परीक्षेत. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, "समीकरण दोन्हीकडे सारखं, आणि आलेखात इलेक्ट्रॉन उजवीकडे पळतोय. हे आकडे आणले कुठून?" म्हणजे चोर मी. मी पान खिडकीच्या उजेडात धरलं. त्या जागी कागद पातळ झाला होता.

"हे कुणी खरवडलं?" त्यांनी विचारलं.

सर बशीतला चहा फुंकत म्हणाले, "पोरीच्याच हातनं खाडाखोड झाली असंल की."

बाबा कबनूरला यंत्रमागावर राबून मला शिकवत होते. सकाळीच त्यांनी बजावलं होतं, "सर हायत ते. उलटं बोलू नगंस." पहिला वर्ग मिळाला तरच कॉलेजात नोकरी होती. सर आणि परीक्षक, दोघेही माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या एका 'नाही'ने काम झालं असतं.

"हो सर, माझ्याच हातून," मी म्हणाले.

दुसरा वर्ग मिळाला. पुढे तीस वर्षं मी शाळेत पाचवीला अपूर्णांक शिकवले. त्या निर्लज्ज माणसाचा राग अजून येतो, माझा त्याहून जास्त येतो. बाबा जाईपर्यंत हेच समजून चालले, की चूक पोरीची होती.