दोरीचे दुसरे टोक

भागीरथाबाईचे काम अंधार पाडण्याचे होते.

नागभीडजवळच्या त्या गावात धान निघाले की बैलांच्या शर्यतींचा पट भरे, आणि दिवस मावळला की धान कापलेल्या बांधीत, मोकळ्या शेतात, नाटक उभे राही. रंगमंचापुढे दोन गॅसबत्त्या टांगत. प्रत्येक बत्तीवर तळ कापलेला रॉकेलचा पिपा गराडीच्या चाकावरून लोंबे. डाव्या बाजूच्या मचाणावरून दोर सैल सोडला की पिपे बत्त्यांवर उतरत आणि राजवाड्यात रात्र होई. ओढला की दिवस. मचाणावरून रंगमंच दिसत नसे. म्हणून उजवीकडे पडद्याआड पुस्तक घेऊन बसलेला दादाजी सुतळीने खूण करी. एक हिसका अंधाराचा, दोन उजेडाचे. सुतळी रंगमंचाच्या कडेने, पसरलेल्या धानाच्या तणसाखालून येऊन तिच्या मनगटाला बांधलेली असे. दादाजीला पाने उलटायला दोन्ही हात लागत, म्हणून त्यानेही आपले टोक मनगटालाच आवळलेले.

बत्त्या तिच्या नवऱ्याच्या, लटारूच्या. तो गेला आणि ती मचाणावर चढली. चुलतदीर दादाजीने नाटक मंडळासमोर आवाज चढवला, "बाईमाणूस नाटकाच्या मांगं बसन? गावाची इज्जत जाईन."

"इज्जत पायजे का बत्त्या, ते ठरवा भाऊजी."

मंडळाचा पत्रू पाटील म्हणाला, "या साली बसू दे. पन एक जरी चुकी झाली, तं बत्त्या दादाजीच्या घरी."

आज बत्त्या गेल्या तर उद्या दादाजी तिची बांधीही मागणार, हे भागीरथाबाईला दिसत होते.

पहिल्याच अंकात राजा गर्जत असताना मनगटाला हिसका बसला. तिने दोर सोडला. बांधीत हुल्लड उठली.

"राजाले दिसून नाई राह्यलं बे, कंदील द्या त्याले!"

तिने घाईने पिपे वर ओढले. पत्रू पाटील मचाणाखाली धावत आला. "काऊन वो बाई, झोपली का?"

"हिसका आला."

"दादाजी म्हनते, देलाच नाई. पयली चुकी म्हनून सोडतो; आता अजून चुकलं तं खाली उतरजो."

राणीचा विलाप सुरू झाला. हे पद भर उजेडातले; लटारू घरी बत्त्या पुसताना गुणगुणायचा. आणि दुसऱ्या ओळीलाच हिसका आला. या खेपेला असा की कातडी सोलली.

भागीरथाबाईने पिप्यांचा दोर मचाणाच्या खांबाला पक्का बांधला. मग सुतळी दोन्ही हातांत घेतली आणि विहिरीतून भरली बादली काढावी तशी ओढू लागली.

पलीकडे वजन लागले. ती थांबली नाही.

विलाप बंद पडला. दोन बत्त्यांच्या लख्ख उजेडात दादाजी रंगमंचावर आला होता, एक हात पुढे ताणलेला, दुसऱ्यात पुस्तक, धोतराला तणस. तो थेट राणीच्या पायाशी गुडघ्यांवर आला. मिशी काढून राणी झालेल्या लच्छूने खाली बघून विचारले, "दादाजीभाऊ, तुमी कोन्त्या पार्टात?"

सगळी बांधी हसून लोळली.

"सोड वयनी, सोड!"

"तुमी तं हिसकाच देला नाई," मचाणावरून आवाज आला. "मंग हे दोरी कोनाच्या हाताले हाय, भाऊजी?"

हसू ओसरले. लोक वाट बघत राहिले. दादाजी मान खाली घालून मनगटाची गाठ सोडवू लागला. गाठ इतकी आवळली होती की पत्रू पाटलाने ती दातांनी सोडवली. बत्त्या दादाजीकडे द्यायचे नाव मग कोणी काढले नाही.

पुढच्या साली पुस्तक दादाजीकडेच होते. इतक्या खणखणीत आवाजात वाचणारा दुसरा कोणी गावात नव्हता. सुतळी आता तो पायाच्या बोटांत धरी. भागीरथाबाईशी तो त्या रात्रीपासून बोलला नाही, तीही बोलली नाही. खुणा मात्र अचूक येत, आणि दर वेळी गरजेपेक्षा जोराच्या. मचाणावर चढली की ती आधी मनगटाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळी, आणि मगच सुतळी बांधून घेई.