सापालाही आग्रह

मार्चमधल्या एका मंगळवारी, ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये, माझे साडू वारले.

आग्रहाने माणसाला जेरीस आणण्यात अख्ख्या न्यू जर्सीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पार्सिपनीला त्यांच्याकडे जेवायला जायचं असलं की मी आणि बायको आदल्या रात्री नुसत्या ताकावर राहत असू, आणि तरी परतताना गाडीचा पट्टा लावणं जड जाई. ताटावर हात आडवा धरला तर ते बोटांच्या फटीतून आमटी वाढत. एकदा गॅसचं मीटर बघायला आलेला माणूस तीन पुरणपोळ्या खाऊन मीटर न बघताच निघून गेला. "डाएट उद्यापासून," हे वाक्य ते डॉक्टरांनाही ऐकवत. माझं "नको" मुळातच हळू आवाजातलं, त्यामुळे सगळ्यात जास्त माझ्याच ताटात पडे. याचा मला मनस्वी राग येई. तो मी कधी बोलून दाखवला नाही, हे वेगळं.

त्यांची एकुलती लेक कॉलेजला दूर गेली आणि जाताना आपला साप त्यांच्या हवाली करून गेली. कॉर्न स्नेक, बिनविषारी, केशरी रंगाची मादी, हातभर लांब. लेकीने ठेवलेलं नाव साडूंना उच्चारायला आवडेना, म्हणून त्यांनी तिला केशर म्हणायला सुरुवात केली. "बाबा, थँक्सगिव्हिंगला मी येईपर्यंत फक्त तिला जिवंत ठेवा. अँड प्लीज, डोन्ट फस ओव्हर हर, उगाच लाड नकोत," असं बजावून ती गेली. दुसऱ्याच आठवड्यात केशर माशांच्या जुन्या टाकीचं झाकण सारून बाहेर पडली आणि माझ्या मेहुणीला धुवायच्या कपड्यांत सापडली. "आता या घरात एक तर ती, नाहीतर मी," मेहुणी म्हणाली.

साडू इंजिनिअर. त्यांनी नकाशा काढला, गॅरेजमध्ये आठवडाभर करवत चालवली आणि प्लायवुडचं घर उभं केलं. पुढे सरकती काच, एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, लपायला उलटी कुंडी, चढायला फांदी. खरंच सुरेख काम होतं. मग त्यांनी मला फोन केला. "साडूभाऊ, तुमच्या लायब्ररीत सापाचं एखादं पुस्तक बघा हो. काही राहायला नको." मी पुस्तक काढून त्यांना फोनवर वाचून दाखवलं: नव्या जागेत आणल्यावर साप भेदरलेला असतो, आठवडाभर त्याला हात लावू नये, खायला देऊ नये, शक्यतो त्याच्याकडे बघूही नये.

पलीकडून साडू उसळले. "म्हणजे घरी आलेल्याला आठवडाभर विचारायचंच नाही? कसली माणसं लिहितात हो ही पुस्तकं!"

त्या शनिवारी त्यांनी केशरचा गृहप्रवेश केला. चार कुटुंबं आली. एका काकूंनी काचेला हळदकुंकू लावलं, दुसऱ्या काकूंनी आत दुधाची वाटी सरकवली. आमच्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी तिला हातात घेऊन निरखलं आणि म्हणाले, "हिच्यात नुसती हाडंच आहेत यार, म्हणजे ही माझीच पेशंट." मग साडूंनी सगळ्यांसमोर तिला उंदराचं पिल्लू भरवलं आणि ते पोटात उतरतं न उतरतं तोच तिला दिवाणखान्यात हातोहात फिरवलं. केशरने मेहुणीच्या नव्या कार्पेटवर उलटी केली.

पुढे तीन आठवडे तिने तोंड उघडलं नाही. साडू दिवसातून चारदा चिमट्यात पिल्लू धरून काचेपाशी बसत. "एवढंसं घे. बरं, अर्धं घे. माझ्यासाठी." ती कुंडीखाली अंग चोरून बसे. तिची पाठ सुरीच्या धारेसारखी दिसू लागली. दर रविवारी लेकीचा फोन येई आणि साडू खोटं बोलत, "मजेत आहे." रिसीव्हर ठेवला की मात्र त्यांचा चेहरा बघवत नसे. "पोरीने एकच गोष्ट सांभाळायला दिली होती," एकदा एवढंच म्हणाले.

शेवटी मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "तिला नाही, तुम्हाला हलवायला हवंय. बॅग भरा." मेहुणीने काचेवर जुनी चादर टाकली आणि मी साडूंना आमच्या घरी घेऊन आलो.

तो आठवडा मी विसरणार नाही. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर त्यांनी मला वाढलं. मी वाचत बसलो की पुस्तक आणि डोळे यांच्यामध्ये लाडू यायचा. रोज संध्याकाळी ते पार्सिपनीला फोन करून विचारत, "चादर काढली नाहीस ना?" आणि उत्तर ऐकून पुन्हा माझ्या भातावर तूप ओतत. चौथ्या दिवशी सापाने हे सगळं तीन आठवडे कसं सोसलं असेल, याचा मी मनापासून विचार करू लागलो.

आठव्या दिवशी मेहुणीचा फोन आला. सकाळी चादरीखालून पिल्लू आत ठेवून ती मागे न बघता निघून आली होती. दुपारी बघितलं तर पिल्लाची जागा रिकामी.

साडू फोन हातात धरून उभेच राहिले. डोळे भरले होते. "खाल्लं," ते म्हणाले. मग फोन खाली ठेवत, "मी नसताना खाल्लं."

थँक्सगिव्हिंगला लेक आली. तिने काचेतून बघितलं. "बाबा, शी लुक्स ग्रेट!" साडू पाठीमागे हात बांधून, काचेपासून दोन पावलं दूर उभे होते. पुढे ते कायम तिथेच उभे राहत. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांनी काडीचाही धडा घेतला नाही. त्याच दिवशी जेवताना लेकीच्या ताटात त्यांनी न विचारता चौथी पोळी टाकली. ती "बाबा!" म्हणून ओरडली, आणि ती पोळी तिने खाल्ली.

साडू गेल्यापासून मेहुणी लेकीकडे राहते. त्यांच्या बिल्डिंगमध्ये साप चालत नाही, म्हणून केशर आमच्याकडे आली. आणल्यावर मी आठ दिवस त्या खोलीत गेलो नाही. नवव्या दिवशी तिने खाल्लं.

जेवताना मी आणि बायको आपापलं वाढून घेतो.