तात्यांनी चाखलेलं कांद्याचं सार

परवा सुनेनं लोण्यात कांदा लालसर परतून फ्रान्सकडचं सार केलं. म्हणाली, "तिकडं यात गाईच्या हाडांचं पाणी घालतात, मी साधंच घातलंय." चमचा माझ्या हातातच राहिला.

बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. उंब्रजच्या घरातला मी पहिला बी.ए. कॉलेजातून आणलेल्या पुस्तकात फ्रान्समधल्या रूआँ शहराच्या भल्यामोठ्या चर्चचं रंगीत चित्र होतं. आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर तिकडं गेलेले. ते चित्रावर वाकले.

"हितं गेलोय मी. देऊळ म्हणून बूट भाईर काढलं, तर एक गोरी म्हातारी हसाय लागली. काचंतनं निळा उजेड फरशीवर सांडल्याला. पाय कुठं ठिवावा कळंना बग. मग तिनंच घरी नेऊन कांद्याचं सार दिलं. लय ग्वाड." मग आवाज उतरला. "तू शिकलायस. त्यात गाईचं काय आसंल का रं? त्या भ्यानं गावदेवाच्या पालखीला कवा खांदा दिला न्हाई मी."

मला ओ की ठो माहीत नव्हतं. पण तसं म्हणणं माझ्या जिवावर आलं.

"कांदा, लोणी, पाव. दुसरं काही नसतं," मी ठोकून दिलं.

"व्हय? मग उगंच की रं गड्या इतकी वर्सं!" तात्या हसत हसत डोळे पुसू लागले.

त्या यात्रेत तात्या पालखीखाली चारच पावलं चालले, गुलालानं माखून. तेव्हा मला माझ्या शिक्षणाचा अभिमान वाटला होता. आता वाटतं, बरं झालं, मला काही माहीत नव्हतं.